मोत्यांच्या वाटेवरची ख्रिस्तसभा

अबू धाबी अमिरातीतल्या सर बनी यास बेटावर २०२५च्या जानेवारीत तीस वर्षांनंतर मोठे उत्खनन पुन्हा सुरू झाले आणि ऑगस्टमध्ये तिथे सापडलेला एक क्रूस जगासमोर आला. २७ सेंटिमीटर लांब, १७ सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम २ सेंटिमीटर जाड असा हा गिलाव्याचा तुकडा साधारण चौदाशे वर्षांपूर्वीचा आहे. क्रुसाच्या पायथ्याशी पायऱ्या-पायऱ्यांचा उंचवटा आहे. येशूला जिथे खिळले त्या गुलगुथा टेकडीची ती खूण. आणि क्रुसाच्या बुडातून पाने फुटलेली आहेत. मरणाच्या लाकडाला पालवी फुटल्याची ही कल्पना रोमच्या किंवा लिस्बनच्या कारागिराची नव्हे. पर्शिया आणि इराकमधल्या ख्रिस्ती लोकांची ती आवडती घडण होती. आपल्याकडे चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर आणि केरळात कोट्टयमच्या जुन्या चर्चमध्ये पहलवी अक्षरे कोरलेले जे दगडी क्रूस आहेत, ते याच घराण्यातले. चर्चच्या इतिहासाचा विषय निघाला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गोवा, वसई, अहमदनगरचे अमेरिकन मिशन अशी चित्रे येतात: गोरे पाद्री, मागे गोरे राज्य. आखातातल्या वाळूतून निघालेले अवशेष वेगळेच सांगतात. ख्रिस्ती धर्म या किनाऱ्यावर युरोपाच्या हजार वर्षे आधी आला, कोणत्याही फौजेशिवाय आला, इथलाच होऊन राहिला आणि गेला तोही तलवारीच्या एका घावाने नव्हे. हे पुराव्याने पटण्यासारखे आहे, आणि पटले तर चर्चच्या एकूण इतिहासाचा आपल्या मनातला नकाशा बदलावा लागतो.

त्यासाठी ही ख्रिस्तसभा कोणती, हे आधी पाहायला हवे. रोमन साम्राज्याच्या पूर्वेला, सासानी इराणच्या राज्यात, ख्रिस्ती लोकांची मोठी वस्ती होती. त्यांच्या उपासनेची भाषा सिरियाक, म्हणजे येशूच्या अरामी भाषेची बहीण. रोमशी इराणचे हाडवैर असल्यामुळे या लोकांवर शत्रूचे हस्तक असल्याचा संशय यायचा आणि चौथ्या शतकात त्यांचा फार छळही झाला. इ.स. ४१० मध्ये शहा पहिला यज्दगर्द याच्या संमतीने सेल्युशिया-टेसिफॉन या राजधानीत धर्मपरिषद भरली आणि या ख्रिस्तसभेची रीतसर घडी बसली. ४२४च्या परिषदेत तिने ठरवले की आपल्या प्रमुखाविरुद्धची तक्रार पश्चिमेकडच्या बिशपांकडे नेता येणार नाही. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस याला बाजूला सारणारी इफिससची परिषद झाली ती त्यानंतर, ४३१ मध्ये. म्हणजे ‘नेस्टोरियन’ हे जे नाव या लोकांना पश्चिमेने चिकटवले आणि पाखंडी ठरवले, ते त्यांच्या वेगळेपणाचे मूळ कारण नव्हते. साम्राज्यांची सीमा हे होते. स्वतःला ते ‘पूर्वेची ख्रिस्तसभा’ म्हणत. ६३५ मध्ये त्यांचा अलोपेन नावाचा धर्मगुरू चीनच्या राजधानीत पोचला होता. शिआनमध्ये ७८१ साली उभारलेल्या शिलालेखात त्याची नोंद आहे. युरोपाचा बराचसा उत्तर भाग तोवर ख्रिस्ती झालाही नव्हता.

अमिरातीतले दोन मठ याच ख्रिस्तसभेचे. सर बनी यासचा मठ सापडला तो अमिरातीचे तेव्हाचे अध्यक्ष शेख झायेद यांच्या सूचनेवरून १९९२ मध्ये सुरू झालेल्या अबू धाबीच्या बेटांच्या पाहणीत. नंतरच्या काही वर्षांत जेफ्री किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे खोदकाम केले. पूर्व-पश्चिम मांडणीचे, मध्ये रुंद आणि दोन बाजूंना अरुंद दालने असलेले चर्च, भोवती संन्याशांच्या खोल्या, आणि थोड्या अंतरावर अंगण असलेली सुटी घरे. ज्येष्ठ संन्यासी एकांतवासासाठी या घरांत राहत असावेत. नवा क्रूस अशाच एका घरात मिळाला. भिंतींवर गिलाव्यात काढलेल्या द्राक्षवेली आणि क्रूस होते. दुसरा मठ उम्म अल-कुवैनमधल्या सिनिया बेटावर आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो जाहीर झाला. तिथे वेदीची जागा आहे, बाप्तिस्म्याचे कुंड आहे, संन्याशांचे भोजनगृह आहे, पाण्याचे हौद आहेत आणि एक भट्टी आहे. मिस्साची पवित्र भाकर याच भट्टीत भाजली जात असावी. तिथल्या नमुन्यांची कार्बन तपासणी झाली तेव्हा इ.स. ५३४ ते ६५६ हा काळ निघाला. पैगंबर महंमदांचा जन्म ५७० च्या सुमाराचा आणि निधन ६३२ मधले. म्हणजे हा मठ इस्लामच्या आधी उभा राहिला आणि इस्लामचा उदय त्याने पाहिला.

यावर पहिला आक्षेप असा येईल की वाळवंटात पाच-पंचवीस बैरागी येऊन राहिले, एवढ्यावरून तिथे ‘ख्रिस्तसभा’ होती असे कसे म्हणायचे? संन्यासी जगापासून पळूनच जातात. त्यांचा मठ आहे म्हणून आसपास ख्रिस्ती समाज होता असे होत नाही. आक्षेप रास्त आहे, पण सिनियाचे अवशेषच त्याला उत्तर देतात. मठाच्या शेजारी १२ हेक्टरांवर पसरलेले एक गाव निघाले आहे. सहाव्या शतकाच्या अखेरीपासूनचे हे गाव मोत्यांवर जगत होते. समुद्रकाठच्या दगडाच्या भिंती, खजुराच्या खोडांची छपरे, दाटीवाटीची घरे आणि अधूनमधून मोठ्या अंगणाचे एखादे श्रीमंताचे घर. मोती मिळाले आहेत आणि पाणबुड्याला तळाशी नेणारे वजनही. बाप्तिस्म्याचे कुंड संन्याशांसाठी बांधत नाहीत. ते बाप्तिस्मा झालेलेच असतात. कुंड गावातल्या लोकांसाठी, त्यांच्या मुलाबाळांसाठी असते. आपल्याकडे कान्हेरी, कार्ले, भाजे येथे डोंगरात लेणी आहेत आणि खाली घाटवाट किंवा बंदर आहे. दान देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी आहेत. भिक्खूंचा वैराग्याचा मार्ग आणि व्यापाऱ्याची वाट एकमेकांना धरून होती, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. सिनियाचे तसेच होते.

कागदोपत्री पुरावा तर आणखी जुना आहे. ओमान आणि आजच्या अमिरातीचा बराचसा भाग मिळून ‘मझून’ म्हणत. ४२४च्या त्याच परिषदेत मझूनचा बिशप योहान्नान हजर होता. ५७६ मध्ये शमुवेल आणि ६७६ मध्ये स्तेफान या मझूनच्या बिशपांची नावे आढळतात. अडीचशे वर्षे बिशपपद टिकते ते पाच-पंचवीस बैराग्यांसाठी नव्हे. आणि ६७६ची परिषद खुद्द आखातात, आज सौदी अरेबियात असलेल्या दारीन बेटावर भरली. तिचे ठराव वाचताना एक जिताजागता समाज डोळ्यांपुढे येतो. ख्रिस्ती मुलींनी परधर्मीयांशी लग्न करू नये. एकीपेक्षा जास्त बायका करू नयेत. मेलेल्यांना रेशमी, किमती वस्त्रांत पुरू नये. अधिकारपदावरच्या ख्रिस्ती माणसाने बिशपकडून जिझिया मागू नये. आणि प्रभुभोजन घेऊन बाहेर पडल्यावर थेट ज्यूंच्या दारूच्या दुकानात जाऊन बसू नये! मला हा शेवटचा ठराव फार मोलाचा वाटतो. ज्या गोष्टी सर्रास घडतात त्यांनाच मनाई करावी लागते. मनाईच्या या यादीत लग्ने आहेत, मयती आहेत, कर आहेत, सरकारी नोकऱ्या आहेत, शेजारचे ज्यू आहेत. हा वाळवंटातला आश्रम नव्हे, हा समाज आहे.

याच समाजाने जगाला एक मोठा लेखकही दिला. ‘बेथ कतराये’ म्हणजे कतार आणि त्याच्या आसपासचा किनारा. तिथे जन्मलेला इसहाक सातव्या शतकात, दारीनची परिषद भरवणाऱ्या गिवर्गिस या प्रमुखाच्याच हातून, निनवेचा बिशप झाला. पाच महिन्यांत त्याने ते पद सोडले आणि डोंगरातल्या मठात निघून गेला. देवाच्या दयेवर त्याने सिरियाकमध्ये जे लिहिले ते पॅलेस्टाइनमधल्या मार साबा मठात ग्रीकमध्ये उतरवले गेले. तिथून ते रशियापर्यंत गेले आणि दोस्तोयेव्हस्कीच्या वाचनात आले. ग्रीक आणि रशियन चर्चने, ज्यांच्या लेखी ‘नेस्टोरियन’ हा शब्दच निषिद्ध, या आखाती संन्याशाला आपला संत मानले. विचारांची वाहतूक युरोपाकडून पूर्वेकडेच होते, हा समज इथे उलटा होतो.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. सहाव्या शतकाच्या मध्याला कोस्मास नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की ‘कल्लियाना’ येथे ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप पर्शियातून नेमला जातो. बहुतेक अभ्यासक हे ठिकाण म्हणजे आपले कल्याण मानतात. कोणी म्हणेल, नावाच्या सारखेपणावर एवढा इमला उभारणे बरे नाही. नामसाम्य बाजूला ठेवले तरी चालेल, कारण दुसरा पुरावा त्यापेक्षा भक्कम आहे. सातव्या शतकातला ख्रिस्तसभेचा प्रमुख तिसरा इशोयाब याची पत्रे उपलब्ध आहेत. इराणच्या फार्स प्रांतातल्या रेव-अर्दशीर येथील मुख्य बिशपला तो दोष देतो की तुझ्या हट्टामुळे भारतातल्या लोकांना धर्मगुरू मिळेनासे झाले. आखातातल्या मठांवर आणि बिशपांवर अधिकार होता तो याच रेव-अर्दशीरचा. म्हणजे मझूनचा पाणबुड्या आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचा ख्रिस्ती व्यापारी एकाच धर्मप्रांताची माणसे होती. मोसमी वाऱ्यांनी मोती, मिरी, सागवान नेले-आणले, त्याच गलबतांतून धर्मगुरूही आले-गेले. सिनियाच्या मातीत भारतातली खापरे निघतात यात नवल नाही. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन पाद्री ठाण्यात उतरले तेव्हा ते एका ‘नेस्टोरियन’ कुटुंबाकडे मुक्कामाला होते. तिथल्या वादात त्या चौघांचा वध झाला; त्यांच्या अस्थी घ्यायला आलेल्या ओदोरिक या प्रवाशाने ठाण्यात अशी पंधरा घरे असल्याचे लिहिले आहे. वास्को द गामा कालिकतला लागला त्याच्या पावणेदोनशे वर्षे आधीची ही गोष्ट. कोकणातल्या ख्रिस्ती धर्माची सुरुवात पोर्तुगीजांनी गोवा आणि वसई घेतली त्या १५१० किंवा १५३४ पासून मोजणे म्हणूनच चुकीचे आहे.

मग ही ख्रिस्तसभा गेली कुठे? सर्वांत जोरदार आक्षेप इथे येतो. सातव्या शतकात इस्लाम आला, मठ ओस पडले. दोन्हींचा संबंध उघड आहे, तलवारीने ते संपले, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. सुरुवातीला पुरातत्त्वज्ञांनीही हे मठ इस्लामपूर्व काळातले मानले होते, कारण नंतर ते कसे बांधले जातील असा त्यांचा हिशेब होता. पण २००८ मध्ये रॉबर्ट कार्टर यांनी आखातातल्या मठांची खापरे पुन्हा तपासली आणि सर बनी यासचा मठ सातव्या-आठव्या शतकातला असल्याचे दाखवले. म्हणजे आसपास मुसलमानी राज्य पक्के झालेले असताना तिथे उपासना चालू होती, भिंतींवर नवे नक्षीकाम होत होते. जळल्याच्या, तोडफोडीच्या खुणा ना तिथे आहेत ना सिनियाला. लोक निघून गेले आणि छपरे आपोआप खाली आली.

इशोयाबची पत्रे इथेही कामी येतात, मात्र ती जपून वाचायला हवीत. मझूनच्या ख्रिस्ती लोकांनी धर्म सोडला म्हणून तो संतापला आहे. अरबांनी त्यांना धर्म सोडायला भाग पाडले नव्हते, नुसती अर्धी मालमत्ता द्या म्हटले होते, आणि तेवढ्यासाठी यांनी श्रद्धा विकली, असा त्याचा सूर आहे. हे राज्यकर्ते आपल्या धर्मगुरूंना मान देतात, मठांना मदत करतात, असेही तो लिहितो. हा साक्षीदार निःपक्षपाती नव्हता. रेव-अर्दशीरच्या मुख्य बिशपशी त्याचे भांडण चालू होते. बेथ कतरायेचे बिशप त्याला प्रमुख मानायला तयार नव्हते. लोकांनी धर्म सोडला याचे खापर त्याला स्थानिक बिशपांच्या माथी फोडायचे होते, म्हणून अरबांकडून आलेला दबाव तो कमी करून सांगत असणार. शिवाय अर्धी मालमत्ता ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. मोत्यांवर जगणाऱ्या कुटुंबाची अर्धी पुंजी म्हणजे होडी किंवा घर यांपैकी एक. त्याला जबरदस्ती म्हणायचे नाही, हे दूर इराकात बसलेल्या धर्मप्रमुखाला सोपे होते. तेव्हा ‘सगळे आपखुशीने झाले’ हे म्हणणेही मला मान्य नाही. दबाव होता, तो कराचा, रोजगाराचा, नव्या राज्यात मागे पडण्याचा दबाव होता. पिढ्यानपिढ्या तो काम करत राहिला. परधर्मीयांशी लग्ने होऊ लागली होती, हे दारीनच्या ठरावांतून दिसतेच. आधी गावातले लोक पांगले, मग बाप्तिस्म्याला मुले येईनात, मग मठाला नवे संन्यासी मिळेनात आणि दानाचा ओघ आटला. कान्हेरी ओस पडली तीही काही एका दिवसात नव्हे.

१५०७ मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कच्या आरमाराने याच किनाऱ्यावरचे खोर फक्कान जाळले, तो प्रसंग याशेजारी ठेवून पाहावा. सुमारे दीडशे वर्षे पोर्तुगीज या पट्ट्यात होते, त्यांनी किल्ले बांधले, जकाती घेतल्या. ते गेल्यावर मागे किल्ल्यांचे पडके बुरूज उरले. स्थानिक ख्रिस्ती कुटुंब एकही उरले नाही. फौजेबरोबर आलेला धर्म इथे फौजेबरोबरच परत गेला.

तिसऱ्यांदा चर्च आले ते दवाखान्याच्या वाटेने. १९६० मध्ये पॅट आणि मेरियन केनेडी हे अमेरिकन मिशनरी डॉक्टर दांपत्य अल ऐनच्या ओॲसिसमध्ये राहायला आले. बहरैन आणि मस्कतमधल्या मिशन डॉक्टरांचे काम ऐकून असलेल्या अबू धाबीच्या शेखांनीच त्यांना बोलावले होते. बाळंतपणात बायका आणि तान्ही मुले दगावत होती, आणि या दवाखान्याने ते थांबवायला सुरुवात केली. आजचे अध्यक्ष शेख मोहम्मद बिन झायेद यांचा जन्म १९६१ मध्ये तिथलाच. १९६५ मध्ये अबू धाबीत सेंट जोसेफ आणि १९६७ मध्ये दुबईत सेंट मेरी ही चर्चे उभी राहिली, दोन्ही राज्यकर्त्यांनी दिलेल्या जमिनीवर. तेव्हा या किनाऱ्यावर चलन होते ते भारतीय रिझर्व्ह बँकेचे आखाती रुपये, आणि ते नुकतेच मागे पडत होते. केरळ, गोवा, मंगळूर, वसई इथून माणसे येऊ लागली, फिलिपिन्समधून आली, आणि ही चर्चे पुरेनाशी झाली. शुक्रवारच्या सुट्टीमुळे कित्येक वर्षे इथल्या ख्रिस्ती लोकांचा ‘रविवार’ शुक्रवारीच व्हायचा. ५ फेब्रुवारी २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अबू धाबीच्या झायेद स्पोर्ट्स सिटीत मिस्सा अर्पण केली तेव्हा जवळपास १,८०,००० लोक जमले. २०२३ मध्ये सादियात बेटावर मशीद, चर्च आणि सिनेगॉग एकाच आवारात उघडले.

हे सगळे सरकारी प्रतिमेसाठी चालले आहे आणि मठांचे उत्खनन हाही त्यातलाच भाग, असा संशय घेणारे आहेत. सहिष्णुता मंत्रालय २०१६ मध्ये निघाले आणि सर बनी यासचा मठ २०१९ मध्ये नव्याने खुला झाला त्या समारंभाला याच खात्याचे मंत्री होते, हे खरे. पण मठ सापडला त्याच्या पाव शतक आधी. आणि कार्बन तपासणीची वर्षे कोणत्याही मंत्रालयाच्या सोयीने बदलत नाहीत. सरकारचा हेतू काय आहे आणि पुरावा काय सांगतो हे दोन प्रश्न वेगळे ठेवलेले बरे. हेतूवर शंका घेण्याला जागा आहे. मुसलमानांत धर्मप्रचार करायला आजही कायद्याने बंदी आहे आणि चर्चला परवाना, जमीन सगळे सरकारकडून मिळावे लागते. ही मुभा दिलेली आहे, हक्काची नाही.

म्हणूनच आजची चर्चे ही सिनियाच्या मठाची वारस आहेत असे म्हणणे मला पटत नाही, मग ते कितीही गोड वाटो. मझूनच्या ख्रिस्ती माणसाची बोली इथलीच होती, त्याचे बापजादे इथे पुरलेले होते, त्याचा बिशप मझूनच्या नावाने ओळखला जाई. आजच्या अमिरातीतला ख्रिस्ती माणूस व्हिसावर आहे. त्याच्या मुलाचा बाप्तिस्मा दुबईत होतो आणि पासपोर्ट भारताचा किंवा फिलिपिन्सचा असतो. साठीनंतर तो बहुधा वसईला किंवा मडगावला परत जातो. मोत्यांऐवजी आता तेल, बांधकाम आणि व्यापार आहे, पण तेव्हाच्या ख्रिस्ती लोकांना धंदा बसला तरी हीच भूमी होती. आजच्यांना तो बसला की विमान आहे. दोघांना जोडणारा एक खरा दुवा अलीकडे तयार झाला आहे, आणि तो अमिरातीच्या सरकारने नव्हे, रोमने केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी बेथ कतरायेच्या इसहाकचे नाव कॅथलिक संतांच्या अधिकृत यादीत घेतल्याचे जाहीर केले. दीड हजार वर्षे ज्या ख्रिस्तसभेला पश्चिमेने पाखंडी म्हटले, तिचा हा आखातात जन्मलेला संन्यासी आता दुबईतल्या गोवेकराचा आणि वसईकराचाही संत आहे.